अळीच्या पोटातला उजेड

मृगाचे एकदोन दमदार पाऊस झाले की हिवरखेडपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच्या शिवारात संध्याकाळी कडुनिंबावर, बोरीबाभळीवर तपकिरी भुंगेरे घोंघावू लागतात. हे हुमणीचे प्रौढ. रात्री पाला खायचा, मिलन उरकायचं, पहाटे जमिनीत शिरायचं हा त्यांचा क्रम. माद्या तिथं अंडी घालतात आणि पुढं धनुष्यासारखी वळलेली पांढरी, जाडजूड अळी पिकाच्या मुळ्या कुरतडत बसते. रोप सुकून हातात उपटून येतं तेव्हा मालकाला पत्ता लागतो. यावर झाडं हलवून भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकणं, प्रकाश सापळे लावणं हे उपाय जुनेच आहेत. अलीकडे त्यांत कीटकांना मारणाऱ्या सूत्रकृमींची भर पडली आहे. त्यांतल्या एका जातीचं नाव हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका. १९९२ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं ते भारतातल्याच नमुन्यांवरून, म्हणून इंडिका. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोनं या सूत्रकृमींची पाण्यात मिसळता येणारी भुकटी तयार केली आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांबीचा हा जीव हुमणीच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासाच्या छिद्रांतून आत शिरतो आणि आपल्या आतड्यात सांभाळलेले जीवाणू तिच्या रक्तात सोडतो. अळी एकदोन दिवसांत मरते. एरवी मेलेली अळी काळी पडते, सडते, घाण सुटते. ही मात्र विटकरी लाल होते आणि सडत नाही, कारण आतले जीवाणू प्रतिजैविकं तयार करून बाकीच्या जंतूंना फिरकू देत नाहीत. ती अगदी अंधाऱ्या खोलीत नेली आणि डोळ्यांना दहा मिनिटं अंधाराची सवय होऊ दिली, तर तिच्या अंगातून मंद निळसर-हिरवा उजेड येताना दिसतो. या जीवाणूचं नावच फोटोऱ्हॅब्डस, म्हणजे प्रकाश देणारी काठी.

या उजेडानं हुमणी मरत नाही. ती मरते जीवाणूच्या विषानं. जीवाणू उजळतो कशासाठी, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण माणसाला त्या उजेडाचा एक सरळ उपयोग आहे. मारणाऱ्या सूत्रकृमींचं दुसरं मोठं घराणं स्टायनर्नेमा. त्याच्या पोटातले जीवाणू वेगळे, ते उजळत नाहीत. तेव्हा वावरातली माती आणून तिच्यात आमिषाची अळी ठेवली, ती मेली, लाल झाली आणि उजळली, तर मारेकरी कोण याचा पुरावाच मिळाला. म्हणजे सोडलेले सूत्रकृमी जमिनीत जगले आहेत. माझं म्हणणं या छोट्या गोष्टीवर उभं आहे. सजीवांचा उजेड दिवा म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे. साक्षीदार म्हणून मात्र त्याच्या तोडीचं साधन विज्ञानाकडे फारसं नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या उजेडाचा दिवा करण्याचे प्रयत्न झाले ते बहुतेक फसले, आणि ज्यांनी त्याच्याकडून खबर काढून घेतली त्यांच्या हाती मोलाची साधनं आली. कलेत आणि पर्यटनात त्याचा जो तमाशा चालतो, त्याकडेही याच नजरेनं पाहायला हवं.

आधी हा उजेड होतो कसा ते पाहू. १८८५ च्या सुमारास फ्रान्सच्या राफाएल द्युबवा यांनी उजळणाऱ्या भुंगेऱ्याचे अवयव कुटून दोन अर्क काढले. थंड पाण्यातला अर्क काही वेळ उजळला आणि विझला. गरम पाण्यातला उजळलाच नाही. दोन्ही गार करून एकत्र केले तेव्हा उजेड पुन्हा आला. म्हणजे दोन पदार्थ हवेत: जळणारा आणि त्याला जळायला लावणारा. दुसरा उष्णतेनं नासतो, म्हणजे ते प्रथिन असणार. द्युबवांनी त्यांना ल्युसिफेरिन आणि ल्युसिफेरेज ही नावं दिली. पुढं कळलं की काजव्याचं ल्युसिफेरिन, जीवाणूंचं, समुद्री जीवांचं आणि अळंब्यांचं रसायन एकमेकांहून वेगळं आहे. निसर्गानं ही युक्ती अनेकदा नव्यानं शोधली. प्राणवायू मात्र सगळीकडे लागतो. या प्रकाशाबरोबर उष्णता जवळपास निघत नाही, म्हणून त्याला थंड प्रकाश म्हणतात. काजव्याचा प्रकाश जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम, असं पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापलं गेलं. २००८ साली जपानी शास्त्रज्ञांनी नेमकं मोजलं तेव्हा शंभरांतले सुमारे ४१ रेणूच प्रकाशाचा कण देतात असं निघालं. तेही चांगलंच आहे, पण चमत्कार नाही. अडचण कार्यक्षमतेची नाही, साठ्याची आहे. जिवाच्या अंगात ऊर्जाच थोडी, आणि तिच्यातली थोडीशीच उजेडावर खर्च करणं त्याला परवडतं. समुद्रातल्या उजळणाऱ्या जीवाणूंची तर अशी रीत की गर्दी झाल्याशिवाय ते उजळतच नाहीत. प्रत्येक जण एक रसायन बाहेर सोडतो. आजूबाजूला ते पुरेसं साचलं की सगळे एकदम दिवे लावतात. एकट्यानं उजळून कुणाला दिसणार नाही, हे त्यांच्या जनुकांनाही ठाऊक आहे म्हणायचं.

या मोजमापाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, याची उदाहरणं ताजी आहेत. २०१३ साली अमेरिकेत काही तरुणांनी उजळणारं झाड देऊ म्हणून लोकांकडून चार लाख ऐंशी हजार डॉलरहून अधिक वर्गणी जमवली. पुढं रस्त्यावरच्या दिव्यांऐवजी झाडं, असं स्वप्न होतं. २०१७ मध्ये प्रकल्प गुंडाळला, वर्गणीदारांना झाड मिळालं नाही. फ्रान्समध्ये एका कंपनीनं नळ्यांत समुद्री जीवाणू भरून शहर उजळायचं ठरवलं. पण जीवाणूंना अन्न आणि हवा सतत पुरवायची तर दिव्यापेक्षा दिवा सांभाळणाराच महाग. उलट १७७५ साली सुरू झालेल्या अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात टर्टल नावाच्या एकआसनी पाणबुडीत उजळणाऱ्या बुरशीचं लाकूड वापरलं होतं, ते होकायंत्राची सुई आणि खोलीमापकाची खूण अंधारात दिसावी म्हणून. मेणबत्ती लावली तर आतली हवा संपली असती. बुरशीकडून त्यांनी उजेड मागितला नाही, दोन खुणा मागितल्या. तेवढं तिला जमलं.

यावर कुणी म्हणेल, झाड अखेर आलंच ना? खरं आहे. २०२४ साली अमेरिकेत फायरफ्लाय पेट्युनिया नावाचं कुंडीतलं फुलझाड २९ डॉलरला विक्रीला आलं. त्यात निओनोथोपॅनस नांबी या विषारी अळंबीची जनुकं घातली आहेत आणि ते आपोआप, कुठलंही रसायन न टाकता उजळतं. त्याचा उजेड खोलीतला दिवा मालवल्यावर, डोळे सरावल्यावर दिसतो. वाचायला तो उपयोगाचा नाही. पण ज्या संशोधनातून हे झाड आलं त्यातली खरी मजेची गोष्ट जाहिरातीत फारशी येत नाही. अळंबीची ही यंत्रणा वनस्पतीच्या स्वतःच्या चयापचयाशी जोडली जाते, त्यामुळे जिथं वाढ जोरात, म्हणजे कळ्या आणि कोवळे शेंडे, तिथं उजेड जास्त. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उजळणाऱ्या तंबाखूच्या रोपाजवळ पिकलेल्या केळ्याची साल ठेवली, तर सालीतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं रोपाचा उजेड वाढला. तेल्हारा-अकोट भागात केळी पिकवणाऱ्या कुणालाही इथिलीन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. केळी पिकवण्याच्या खोल्या त्याच वायूवर चालतात. पान न खुडता किंवा न कापता, झाडाच्या आत काय चाललं आहे हे त्याच्याच अंगावर वाचता येणं, ही शोभेच्या कुंडीपेक्षा फार मोठी गोष्ट आहे. पेट्युनिया दिवा म्हणून विकली जाते, पण तिची खरी किंमत साक्षीदाराची आहे.

या साक्षीचा इतिहास मात्र काजव्यांना महागात पडलेला आहे. १९४७ च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय यांनी शहरातल्या पोरांना शंभर काजव्यांमागं पंचवीस सेंट देऊ केले. पोरांनी बरण्या भरभरून काजवे आणले. त्यांच्या शेपट्या कुटून मॅकेलरॉयनी दाखवलं की काजव्याच्या उजेडाला एटीपी लागतं, आणि जितकं एटीपी तितका उजेड. एटीपी म्हणजे प्रत्येक जिवंत पेशीतलं ऊर्जेचं चलन. मग उलटं वाचता आलं: काजव्याचा अर्क टाकल्यावर एखादी वस्तू उजळली तर तिच्यावर जिवंत किंवा नुकताच जिवंत असलेला काही अंश आहे. आज दुधाचा टँकर धुतल्यावर, औषधाच्या कारखान्यात किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलावर कापसाचा बोळा फिरवतात, तो नळीत बुडवतात आणि हातातल्या यंत्रावर काही सेकंदांत आकडा येतो. जंतू वाढवून पाहायला दोन दिवस लागतात; हे उत्तर टँकर भरायच्या आत मिळतं. मर्यादाही सांगायला हव्यात. दुधाच्या थेंबातही एटीपी असतं, त्यामुळे यंत्राला जंतू आणि खरकटं यांतला फरक कळत नाही, आणि जंतू कोणता हे तर ते सांगतच नाही. धुणं नीट झालं की नाही, एवढ्याच प्रश्नाचं ते उत्तर आहे.

या मागणीपायी अमेरिकेत एका रसायन कंपनीनं काजवे गोळा करणाऱ्यांचा क्लबच चालवला आणि १९९० च्या दशकापर्यंत दर उन्हाळ्यात लाखो काजवे विकत घेतले. हे थांबलं ते दयेनं नाही. १९८५ साली काजव्याच्या ल्युसिफेरेजचं जनुक वेगळं करण्यात आलं, पुढच्याच वर्षी ते घातलेलं तंबाखूचं रोप उजळलं, आणि मग हे प्रथिन टाकीतले जीवाणू हवं तेवढं बनवू लागले. जनुक अभियांत्रिकीनं काजव्याचं रान वाचवलं, हे पर्यावरणप्रेमींच्या व्याख्यानांत सहसा ऐकू येत नाही. त्याच जनुकाचा पुढचा उपयोग क्षयरोगात झाला. १९९३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी क्षयाच्या जंतूंना गाठणाऱ्या विषाणूत काजव्याचं जनुक भरलं. विषाणू जंतूत शिरतो, जिवंत जंतू उजळतो. आता त्यात औषध टाका. उजेड मावळला तर औषध लागू पडलं. टिकला तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही. क्षयाचा जंतू इतका संथ वाढतो की जुन्या पद्धतीत याच उत्तराला आठवडे लागत. रुग्णालयांत पुढं दुसऱ्या, जनुकच तपासणाऱ्या चाचण्यांनी बाजी मारली, पण नवी औषधं शोधणाऱ्या प्रयोगशाळांत उजळणारा जंतू आजही राबतो.

वऱ्हाडाच्या दृष्टीनं मला सर्वांत जवळचा वाटतो तो पाण्याचा उपयोग. अलीव्हिब्रिओ फिशेरी हा समुद्रातला उजळणारा जीवाणू. विषारी पाण्यात टाकला की त्याचा श्वसनाचा कारभार बिघडतो आणि उजेड घटतो. पंधरा किंवा तीस मिनिटांत उजेड किती कमी झाला, यावरून पाणी जिवाला किती घातक हे कळतं. या चाचणीला आयएसओ ११३४८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी ती अनेक देशांत वापरतात. मूळचा समुद्री असल्यानं त्याला सुमारे दोन टक्के मीठ लागतं, ते नमुन्यात मुद्दाम घालावं लागतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याच्या पाण्याला निदान हा पाहुणा नाक मुरडणार नाही! थट्टा बाजूला ठेवू. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्याचं खारेपण तपासायला जीवाणू नको, साधं क्षारमापक पुरतं. पण फवारणीच्या दिवसांत नाल्यात, विहिरीत काय काय उतरलं आहे, हा प्रश्न वेगळा. एकेक कीटकनाशक ओळखायचं तर महागडी यंत्रं आणि लांबची प्रयोगशाळा. शंभर विहिरींतल्या कोणत्या पाच आधी तिथं पाठवायच्या, एवढं उजळणारा जीवाणू अर्ध्या तासात सांगू शकतो. तो विषाचं नाव सांगत नाही आणि प्रत्येक कीटकनाशक त्याला सारखं जाणवत नाही, म्हणून त्याच्या एकट्याच्या शब्दावर पाणी पिण्यालायक ठरवता येणार नाही. पहिली चाळणी म्हणून मात्र तो उपयोगी आहे.

इथं वऱ्हाडातला वाचक एक आक्षेप घेईल, आणि त्याला तो अधिकार आहे. जनुक बदललेल्या पिकाचे वायदे या मुलखानं पाहिले आहेत. २००२ मध्ये बीटी कापूस आला, बोंडअळी काही वर्षं हटली, आणि २०१७ पर्यंत गुलाबी बोंडअळीनं त्याला पचवून टाकलं. उलट बाजूही याच मातीतली: १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथं शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बंदी असलेलं तणनाशकरोधक बियाणं उघडपणे पेरून सरकारला आव्हान दिलं. तेव्हा ‘उजळणारे जीव’ म्हणजे आणखी एक जनुकाचा खेळ, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण सगळ्यांना एका मापानं मोजू नये. फोटोऱ्हॅब्डस आणि फिशेरी हे जसे निसर्गात आहेत तसेच वापरले जातात, त्यांच्यात कुणी काही घुसडलेलं नाही. ल्युसिफेरेज टाकीत बनतं आणि नळीत संपतं. खरा धोका शोभेसाठी केलेल्या, बाहेर पडून वाढू शकणाऱ्या जिवांचा. ग्लोफिश नावाचा चमकणारा झेब्रामासा अमेरिकेत २००३ पासून मत्स्यपेट्यांसाठी विकला जातो. तो अंधारात स्वतः उजळत नाही, निळ्या-जांभळ्या दिव्याखाली चमकतो. पण विकला जातो त्याच हौसेपोटी. ब्राझीलच्या ओढ्यांत तो सुटून वाढत असल्याचं २०२२ मध्ये संशोधकांनी नोंदवलं. झेब्रामाशाचं मूळ घर भारतीय उपखंडातल्या ओढ्यानद्यांत आहे, त्यामुळे तो इथं सुटला तर त्याला सोयरेही मिळतील. कापसाच्या बाबतीत तर जनुकाला हात न लावताही काम झालेलं आहे: २०१७ साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या कापसाच्या बीजांडांना रंगद्रव्य जोडलेली साखर खाऊ घालून शास्त्रज्ञांनी चमकणारा धागा मिळवला. तो अजून बशीतला प्रयोग आहे, वावरातलं पीक नाही.

कलेचा प्रश्न याहून नाजूक. २००० साली एदुआर्दो काक या कलावंतानं अल्बा नावाचा ससा ही आपली कलाकृती असल्याचं जाहीर केलं. समुद्री जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन त्या सशाच्या अंगात होतं. ज्या फ्रेंच प्रयोगशाळेत तो जन्मला तिनं तो काकला घरी नेऊ दिला नाही, आणि वादच कलाकृती होऊन बसला. त्याच प्रथिनाच्या शोधाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, कारण ते कोणत्याही प्रथिनाला चिकटवून जिवंत पेशीत त्याचा माग काढता येतो. एका प्रथिनाचे हे दोन उपयोग शेजारी ठेवले की सशाचा मामला मला पोकळ वाटतो. त्यापेक्षा हंटर कोल या अमेरिकी कलावंत-शास्त्रज्ञ बाईंची चित्रं मला पटतात. त्या उजळणाऱ्या जीवाणूंनी बशीवर रेषा काढतात. अन्न संपतं तसे जीवाणू मरतात आणि चित्र विझत जातं. तिथं उजेड जिवाची गोष्ट सांगतो. आपल्याकडे भंडारदऱ्याच्या काजव्यांची जी छायाचित्रं फिरतात, त्यांत बहुधा कित्येक मिनिटांच्या, डझनावारी चौकटी एकावर एक चढवलेल्या असतात. चित्र म्हणून ती सुंदर आहेत. पण ती पाहून निघालेला माणूस तसंच झाड डोळ्यांनी दिसेल या अपेक्षेनं गाडी काढतो.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवा महोत्सव भरतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर यांच्यावर नर काजवे लुकलुकून मादीला साद घालतात, आणि त्याच वेळी घाटरस्त्यावर गाड्यांचे दिवे, मोबाइलच्या विजेऱ्या लागतात. काजव्याचा उजेड हा निरोप आहे. त्यावर दुसरा उजेड पडला की निरोप पोचत नाही. बंदी घाला म्हणणाऱ्यांना तिथले लोक विचारतात, अकोले तालुक्यातल्या महादेव कोळी, ठाकर घरांना पेरणीच्या तोंडावर चार पैसे मिळतात ते तुम्ही देणार का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. गाड्या गावाबाहेर थांबवून, गावच्याच वाटाड्याबरोबर दिव्याविना पायी नेलं तर पैसा गावातच राहतो आणि अंधारही. नरनाळा आणि वान अभयारण्याच्या कडेला उद्या असा महोत्सव निघाला तर सुरुवातच या अटीवर व्हावी.

महोत्सवात दिसतो तो काजव्याच्या आयुष्याचा शेवटचा तुकडा, दोनतीन आठवड्यांचा. त्याआधीचे कित्येक महिने तो अळीच्या रूपात ओलसर पालापाचोळ्यात, धुऱ्यावर, नाल्याकाठी काढतो. ही अळीही उजळते. मला खाऊ नका, कडू आहे, अशी ती सूचना असते. आणि तिचं स्वतःचं खाणं म्हणजे मुख्यतः गोगलगायी. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हा शेतकऱ्यांनी त्या हातानं वेचून पोत्यांनी भरल्या. काजव्याच्या अळ्यांनी ती लाट थोपवली असती असा दावा मी करणार नाही. पण गोगलगायीचा जो शत्रू फुकट राबतो, त्याचं घर आपण फवाऱ्यानं आणि काडीनं मोडतो, एवढं खरं. सातपुड्याच्या उतारावर मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि तो वणवा कित्येकदा रानभर जातो. काजव्याची अळी त्या सुमाराला त्याच पाल्याखाली आणि मातीच्या वरच्या थरात असते. मेळघाटाच्या पायथ्याला जूनमध्ये काजवे मोजायचे असतील, तर मोहाखाली पाला झाडून घ्यायचा की जाळायचा, हे गावांशी बोलून फेब्रुवारीतच ठरवावं लागेल. जाळीचं कापड अंथरून फुलं गोळा करता येतात, त्याला काडी लागत नाही.